बावीस दिवसांचा सावकाश बेत

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या एका क्लिनिकमध्ये गेली सतरा वर्षं मी लोकांना एकच शब्द सांगत आले आहे: सावकाश. गुडघा बदललेल्या आज्यांना, अर्धांगातून उठलेल्या आजोबांना, धावण्याच्या शर्यतीत घोटा मुरगळून घेतलेल्या बँकवाल्यांना. इंग्रजीत सांगते, हिंदीत सांगते, कामापुरत्या मोडक्यातोडक्या चिनीतही सांगते. स्वतः मात्र मी आयुष्यात कुठलीही गोष्ट सावकाश केलेली नाही. जेवणसुद्धा ओट्याशी उभ्याने उरकते. म्हणून फ्रान्समधले किल्ले बघायला जायचं ठरलं तेव्हा मी घरात जाहीर केलं की ही सहल सावकाश होईल. बावीस दिवस, एकाच नदीचं खोरं, आणि दिवसाला जास्तीत जास्त एक किल्ला.

नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी स्वतःचा तक्ता आणून समोर ठेवला. त्यात सहा दिवसांत चौदा किल्ले होते.

त्याचीही बाजू सांगायला हवी. तो मरीन इंजिनिअर. तेवीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, शेवटची नऊ चीफ इंजिनिअर म्हणून. दोन वर्षांपूर्वी समुद्र सोडला आणि इथेच तुआसला जहाजदुरुस्तीच्या कामावर रुजू झाला. कंपनीची जहाजं तिथे ड्राय डॉकमध्ये येतात, म्हणजे पाण्याबाहेर कोरडी बसवतात, आणि ठरलेल्या दिवसांत डागडुजी उरकून पुन्हा पाण्यात सोडतात. त्या कामावर देखरेख याची. जहाज एक दिवस जास्त बसलं की वरच्यांची तोंडं वाकडी होतात. अशा माणसाला रिकामा दिवस दिसला की त्यात काहीतरी कोंबल्याशिवाय राहवत नाही.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," मी म्हटलं.

"गुडघे तुझं खातं," तो म्हणाला.

शिवाय त्याचं बालपण गेलं साताऱ्याकडे, एका किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात. त्याच्या लेखी किल्ला म्हणजे पहाटे उठून चढायचा, वर टाक्यातलं गार पाणी प्यायचं, पिठलं-भाकरी खायची आणि उन्हं तापायच्या आत धावत खाली यायचं. वर बघण्यासारखं फारसं नसतंच. एक पडका दरवाजा, थोडी तटबंदी आणि गवतात बसलेली जोती. ही सदर, हे धान्याचं कोठार, इथे मुदपाकखाना, असं बरोबरचं कुणीतरी सांगतं आणि आपण मान डोलवायची. मी त्याला फ्रान्सच्या किल्ल्यांचे फोटो दाखवले तेव्हा तो बराच वेळ एकेक मोठा करून बघत राहिला आणि मग तक्रारीच्या सुरात म्हणाला, "हे सगळे सपाटीला आहेत. चढायचं काय? आणि पलंगावर चादरसुद्धा घातलेली आहे!"

चादर घातलेला किल्ला त्याला फसवणूक वाटत होती. मला तेच हवं होतं. आयुष्यभर जोती बघून महाल मनात बांधले, आता एकदा भांड्याकुंड्यांसकट उभा असलेला किल्ला बघावा, त्यातल्या स्वयंपाकघरात जरा रेंगाळावं, एवढीच माझी इच्छा होती.

पण खरं कारण हेही नव्हतं. खरं कारण होतं हजार तुकड्यांचं एक कोडं. साथीच्या वर्षी, सगळं बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात, टॅम्पिनीसच्या मॉलमधून मी ते उचललं होतं. दुकानात तीनच प्रकार उरले होते: मांजराची पिल्लं, ट्यूलिपची शेतं आणि शेनाँसो नावाचा फ्रेंच किल्ला. हा किल्ला नदीकाठी नाही, नदीवर आहे. पुलासारखा एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलेला, खाली कमानी आणि कमानींतून पाणी. मी आणि मुलगी, ती तेव्हा शाळेत होती, आम्ही दोघी तो जेवणाच्या टेबलावर जुळवत बसायचो. टेबल अडलं म्हणून पाच महिने सोफ्यावर बसून जेवलो. त्यातलं पाणी जुळवता जुळवता नाकी नऊ आले, कारण पाण्याचा प्रत्येक तुकडा सारखाच दिसायचा.

ते पाच महिने आणि त्यापुढचेही काही नवरा जहाजावर अडकला होता. चार महिन्यांचा करार अकरा महिन्यांवर गेला, कारण कुठल्याच बंदरात माणसं उतरू देत नव्हते. त्यात एकदा त्याचं जहाज इंधन घ्यायला सिंगापूरच्याच बाहेर नांगर टाकून उभं राहिलं. मी मुलीला घेऊन ईस्ट कोस्ट पार्कला गेले. समोर पाण्यावर पन्नासएक जहाजं. तो फोनवर सांगत होता, "निळ्या जहाजाच्या डावीकडे बघ, दोन क्रेनवालं." आम्हाला निळी चार दिसत होती. शेवटी आम्ही अंदाजाने एकाला हात केला. दुधाची तहान ताकावर. घरी येऊन किल्ल्याचं छप्पर जुळवायला घेतलं आणि त्या संध्याकाळी निम्मं झालंसुद्धा.

जहाजावरच्या माणसाच्या बायकोला एक गोष्ट फार लवकर शिकावी लागते. तारीख धरायची नाही. माणूस घरी कधी येणार हे त्याच्या हातात नसतं. त्याच्या जागी दुसरा माणूस बोटीवर चढला, तरच हा उतरतो. त्या दुसऱ्याला रिलिव्हर म्हणतात. रिलिव्हरची आई आजारी पडते, त्याचं एखादं कागदपत्र अडकतं, कधी जहाजच बंदर बदलतं. मग इकडे फ्रिजवरच्या कॅलेंडरमध्ये पेन्सिलीने केलेली खूण खोडून पुढच्या पानावर करायची. मुलीला तर मी तारीख सांगतच नसे. बाबा विमानतळावर उतरले आणि सामान हातात आलं असा फोन आला की मगच सांगायची. लोकांना हे क्रूर वाटायचं. मला उलट, चार वर्षांच्या पोरीला दर आठवड्याला नवी तारीख सांगणं क्रूर वाटायचं.

आमच्या ओळखीतल्या बायका यावरून नवऱ्यांशी भांडायच्या. एकीने तर फोनवर नवऱ्याला सांगितलं होतं की आता येऊच नकोस, पोरांना तुझं तोंड आठवत नाही. मी कधी भांडले नाही. मला त्याचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोलू, थोडी घमेंडही होती. मी समंजस. मी एकटीने घर लावलं, एकटीने मुलीच्या शाळेतल्या सभांना गेले, सोफा जिन्यातून वर येत नव्हता तेव्हा एकटीने त्याचे पाय सोडवले. तो घरी असला तर छानच, नसला तरी घराचं काही अडत नव्हतं. असा संसार मी उभा केला आणि त्यालाच सुखाचा संसार म्हणत आले.

तर बेत. सहा महिने मी तो आखत होते. क्लिनिकमध्ये एवढी मोठी रजा सहा महिने आधी मागावी लागते आणि मग ती दगडावरची रेघ असते, कारण माझ्या जागी दुसरी बाई नेमलेली असते. संध्याकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायला जागा मिळाली की फोनवर एक किल्ला उघडायचा, हा माझा नेम झाला. तूर नावाच्या शहरात, डाळीशी काही संबंध नाही, दहा रात्री. मग नदीच्या वरच्या अंगाला आँब्वाजमध्ये सात. शेवटी लोश नावाच्या लहान गावात चार. शेनाँसोसाठी पुरते तीन दिवस: पहिल्या दिवशी फक्त बाहेरून, एका काठाने आणि मग दुसऱ्या काठाने, दुसऱ्या दिवशी आत, तिसऱ्या दिवशी काहीच नाही, नुसतं थर्मास घेऊन पाण्याजवळ बसायचं. रस्त्यावरचे फोटो फोनवर सरकवत मी बाकं शोधून काढली. कुठल्या बाकाला पाठ आहे, कुठल्याला नाही, सावली कुठून येत असेल, सगळं टिपलं. धंद्याची सवय. चौतीस पायऱ्यांहून जास्त चढ असेल तिथे खूण केली, कारण माझा स्वतःचा डावा गुडघाही आता कुरकुरायला लागला आहे आणि ते मी क्लिनिकमध्ये कुणाला कळू दिलेलं नाही.

नवऱ्याने आपला चौदा किल्ल्यांचा तक्ता दोन-तीनदा पुढे केला आणि मग निमूटपणे मागे घेतला. "तू ठरव, मी येतो," म्हणाला. व्हिसासाठी आम्ही दोघं जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. तिथे रांगेत तो माझ्या फाइलीतली पानं चाळत होता. काही बोलला नाही.

बोलली ती मुलगी. ती आता युनिव्हर्सिटीत आहे, हॉस्टेलवर राहते आणि रविवारी जेवायला येते. मराठी सगळं समजतं, उत्तरं मात्र तिच्या इंग्रजीत. त्या रविवारी पोळी-भाजीचं ताट मांडीवर घेऊन ती माझ्या लॅपटॉपवर बेत वाचत होती. नवरा ओट्याशी ताक घुसळत होता.

"आई, धिस वन सोलो ट्रिप, लाह," ती म्हणाली.

"काहीही काय? प्रत्येक खोली दोघांची आहे."

"रूम फॉर टू. प्लॅन फॉर वन." मग ती मान वर करून म्हणाली, "ओके, टेल मी. इफ बाबा डझन्ट गो, व्हॉट चेंजेस? जस्ट वन थिंग."

मी मनातल्या मनात एकेक दिवस तपासला. बदलत काहीच नव्हतं. प्रत्येक किल्ला मी रेल्वेने किंवा बसने गाठता येईल असाच निवडला होता, कारण मला गाडी चालवता येत नाही. बॅग मी एकटी उचलू शकेन तेवढीच, सात किलोची. प्रत्येक खोली स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत, आणि प्रत्येक बुकिंग आयत्या वेळी एकटीचं करून घेता येईल असं. मुलीने पुढचं पान उघडलं. प्रवासाच्या विम्यात, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं या जागी मी माझ्या पुण्याच्या बहिणीचं नाव घातलं होतं.

"वा लाओ," म्हणजे इथल्या पोरांचं 'अरे देवा', असं मुलगी म्हणाली आणि हसत सुटली. नवराही हसला. ताक त्याने नीट तिन्ही पेल्यांत ओतलं. मीही हसले, पण मनात कुठेतरी पाल चुकचुकली.

मुलगी दुपारी परत गेली. मी ताटं धूत होते, तो पुसत होता. पुसता पुसता तो म्हणाला, "इंजिनरूममध्ये महत्त्वाचे पंप दोन-दोन असतात. एक चालू, एक स्टँडबाय. स्टँडबाय चालला तर बरं. नाही चालला तरी जहाज थांबत नाही. तुझ्या बेतात मी स्टँडबाय पंप आहे."

"मुद्दाम केलं नाही मी."

"माहीत आहे. म्हणून तर." त्याने ताट कपाटात ठेवलं. "मी समुद्र सोडला तेव्हा मला वाटलं होतं, घरी माझी काहीतरी जागा असेल. दोन वर्षं झाली, अजून शोधतोय. बॅग लिफ्टपर्यंत न्यायचं कामसुद्धा नाही मला."

मला आधी राग आला, पण तो आतल्या आत. एवढी वर्षं ज्या गोष्टीवर घर चाललं तीच आता गुन्हा झाली होती. मग संध्याकाळी बेत पुन्हा काढून बसले आणि पाचव्या-सहाव्या पानावर मला लाज वाटली. तो म्हणत होता ते अक्षरशः खरं होतं. बावीस दिवसांच्या या सहलीत तो नसता तर एक खुर्ची रिकामी राहिली असती, बाकी काही नाही. आणि तो बिचारा समुद्र सोडून याच खुर्चीसाठी आला होता. हे नीट झालं नाही तर सहल होईल, किल्ले होतील, पण नवरा आयुष्यभर माझ्या घरी पाहुणा राहील, हे मला त्या दिवशी स्वच्छ कळलं.

म्हणून मी एक दिवस मोडला. लोशच्या पलीकडे माँत्रेझोर म्हणून एक चिमुकलं गाव आहे, त्यात एक लहानसा किल्ला. तिथे रेल्वे जात नाही, आणि बसचा भरवसा मला कुठे सापडला नाही. गाडीशिवाय जाता येणार नाही अशी ही एकच जागा मी बेतात घातली आणि पुढे लिहिलं, गाडी तो चालवेल. त्याला दाखवलं. दुसऱ्याच दिवशी तो परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून घेऊन आला. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं म्हणून रोज नाश्त्याच्या वेळी बश्या आणि चमचे मांडून वळणांचा सराव करू लागला. चौकात मीठदाणीला दोनदा धडकला. मला गंमत वाटायची, बरंही वाटायचं.

एक कबूल करते. माँत्रेझोरच्या पुढे, पानाच्या कडेला, अगदी बारीक पेन्सिलीने मी लोशच्या एका टॅक्सीवाल्याचा फोन नंबर लिहून ठेवला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

निघायचं होतं गुरुवारी. आदल्या शनिवारी सकाळी आम्ही आमच्या इमारतीखालच्या कॉफीशॉपमध्ये नाश्त्याला बसलो होतो. त्याच्यासमोर कोपी, म्हणजे इथली कॉफी, माझ्यासमोर तेह, म्हणजे चहा, मध्ये नारळाचा गोड जॅम लावलेला काया टोस्ट. त्याचा फोन वाजला. तो उठून बाहेर गेला, पाच मिनिटांनी आला आणि बसला.

"जहाज आधीच्या बंदरात अडकलंय," तो म्हणाला. "या आठवड्यात यायचं होतं ना, ते. आता बुधवारी पोहोचतंय. गुरुवारी डॉकमध्ये घेणार."

"मग?"

"पहिले पाच-सहा दिवस मी इथे असलो तर बरं, म्हणतायत. तू ठरल्याप्रमाणे पुढे हो. मी सहाव्या दिवशी येतो. फार तर आठव्या."

"बरं," मी म्हटलं.

ते बरं म्हणताना मला काय वाटलं ते लिहिते, कारण तेवढ्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. डोक्यात झराझरा चक्रं फिरायला लागली: तूरची खोली एकटीची करून घ्यायची, नाश्ता एकाचा सांगायचा, शेनाँसो आहे तसंच, काही बदलायला नको. सगळं बसत होतं. मी हे काम वीस वर्षं केलं होतं, मला ते येत होतं, आणि येतं ते करायला मिळालं की माणसाला हायसं वाटतं. टोस्टचा उरलेला तुकडा मी उचलला.

तो माझ्याकडे बघत होता.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच म्हणजे काय? तुझं काम आहे."

"तिथे दुसरा माणूस आहे. मागच्या वेळी त्यानेच केलं होतं. मी नाही म्हटलं तर तो करेल."

"मग तू नाही का म्हटलं नाहीस?"

तो कोपी ढवळत राहिला. त्यात ढवळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"एक सांगतो," तो म्हणाला. "रिलिव्हर नाही म्हणून मी तुला फोन करायचो ना, बहुतेक वेळा तो खरंच नसायचा. पण तीन वेळा होता."

मला कळेना हा काय बोलतोय.

"तीन वेळा रिलिव्हर तयार होता. ऑफिसने विचारलं, महिना वाढवशील का, जहाज तुला माहितीचं आहे. मी म्हटलं, घरी विचारतो. तुला फोन केला. उशीर होईल म्हणालो. तू म्हणालीस, बरं. मग मी त्यांना हो म्हटलं."

"तू विचारलं नव्हतंस. तू सांगितलं होतंस."

"हो. विचारलं नव्हतं. मला वाटायचं, तिला नको असेल तर ती म्हणेल. दर वेळी वाटायचं, या वेळी तरी म्हणेल. एकदा जरी म्हणाली असतीस, आत्ताच्या आत्ता ये, तर मी आलो असतो. तू इतक्या चटकन बरं म्हणायचीस की मला वाटायचं, मी न आलेलाच तिला सोयीचा आहे."

"कुठल्या तीन वेळा?"

"राहू दे आता."

"कुठल्या?"

त्याने दोन सांगितल्या, त्या मला धड आठवतही नव्हत्या. तिसरी सांगायला त्याने वेळ लावला. तिसरी माझ्या वडिलांच्या पंचाहत्तरीची होती. त्या वेळी मी मुलीला घेऊन एकटी पुण्याला गेले होते. वडील दारात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, जावई बोटीवर आहेत, त्यांच्या हातात काही नसतं हो. पुढच्या वर्षी वडील गेले.

मी टोस्ट खाली ठेवला. पुढे जे झालं ते मी ठरवून केलं नाही. मला एवढं मोठं ओरडता येतं हे मलाही माहीत नव्हतं.

"म्हणजे माझी परीक्षा घेत होतास?" मी म्हटलं. "तिकडे बसून? मी इकडे पेन्सिलीने खुणा खोडत होते, पोरीला थापा मारत होते, वडील तुझी बाजू घेऊन मेले, आणि तू मी कधी रडते याची वाट बघत होतास? मी बरं म्हणायचे कारण दुसरं काय म्हणणार होते? नको म्हटल्याने जहाज वळतं का? मला वाटायचं, वळत नाही! मला कुणी सांगितलंच नाही की वळतं!"

कॉफीशॉपमधल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. ताटं गोळा करणारी आंटी हातातला ट्रे घेऊन जागच्या जागी उभी राहिली. मराठीतलं तिला काय कळलं असेल कोण जाणे, पण बहुधा सगळंच कळलं. तिने ट्रे शेजारच्या टेबलावर ठेवला आणि हात बांधून ऐकायला लागली.

"मी नाही जाणार एकटी," मी म्हटलं. "ऐकतोयस? शेनाँसो गेला खड्ड्यात. मला नाही बसायचं त्या बाकावर एकटीने. मला तू हवा होतास. दर वेळी हवा होतास, प्रत्येक वेळी, आणि मी बरं म्हणाले तेव्हा तर सगळ्यात जास्त हवा होतास, मूर्ख माणसा!"

त्याचा चेहरा मी इतकी वर्षं बघते आहे. विमानतळाच्या दारातून बाहेर येतानाचा पाहिलाय, मुलीला पहिल्यांदा हातात घेतानाचा पाहिलाय. त्या सकाळचा वेगळाच होता. घाबरला नव्हता. अपराधी तर होताच, पण त्याखाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते लपवायचा त्याने अजिबात प्रयत्न केला नाही. त्याने आपली खुर्ची जवळ ओढली.

"अजून बोल," तो म्हणाला.

मी बोलले. अर्धा तास तरी बोलले. चहा गार झाला. नावाजलेला समंजसपणा त्या टेबलावर पुरता सांडला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मध्ये मध्ये रडूही आलं, ते मी कॉफीशॉपच्या पातळ कागदी रुमालांनी पुसलं. तो एकदाही मध्ये बोलला नाही, फक्त रुमाल पुढे करत राहिला.

मी दमून थांबले तेव्हा त्याने फोन काढला आणि माझ्यासमोरच ऑफिसला लावला. इंग्रजीत, त्याच्या नेहमीच्या सपाट आवाजात, त्याने सांगितलं की गुरुवारपासून तो बावीस दिवस मिळणार नाही, जहाज दुसऱ्याला द्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तो म्हणाला, माझी बायको माझ्यावर रागावली आहे. पलीकडून पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. त्याने एकदा माझ्या लाल झालेल्या नाकाकडे पाहिलं.

"येस, सर," तो म्हणाला. "फर्स्ट टाइम."